पोलीस ठाण्याचा खर्च कोण करतं?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, ‘सर, तत्त्वज्ञानाच्या माणसानं पोलिसांच्या बजेटवर काय बोलायचं?’ प्रश्न रास्त आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही, पोलीस खात्यात कधी नव्हतो. आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं. पण हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, एका पोलीस ठाण्यातल्या लाकडी बाकावर भेटला. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या घरी चोरी झाली. आम्ही दोघं लग्नाला गेलो होतो, परत आलो तर कडीकोयंडा तोडलेला. हिचे दागिने गेले. सकाळी ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार सज्जन होता, ‘सर, बसा’ म्हणाला. रायटरनं हकिगत ऐकून घेतली आणि मग जरा ओशाळून म्हणाला, ‘सर, प्रिंटरला कागद नाहीये. मागणी टाकलीय, पण यायला वेळ लागतो. समोरून दोन रीम आणता का? लगेच घेऊन टाकू.’ मी समोरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मी काही बोलायच्या आत विचारलं, ‘पोलीस स्टेशनला ना? ए-फोर की लीगल?’

परत आलो. अर्ध्या तासात गुन्हा दाखल झाला, चहासुद्धा मिळाला. आणि माझ्या शेजारी बाकावर एक बाई बसल्या होत्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. त्यांच्या ट्रंकेतून भिशीचे अठरा हजार रुपये गेले होते. त्या सकाळी आठपासून तिथे होत्या, माझ्या दीड तास आधी. त्यांना सांगण्यात आलं, ‘अर्ज देऊन जा, बघतो.’ अर्ज लिहायला त्यांनी मुलाच्या वहीचं पान फाडून आणलं होतं. तोही चोरीचाच गुन्हा, माझाही चोरीचाच. माझी फिर्याद झाली, त्यांचा अर्ज झाला. ठाण्याची पायरी चढलेल्या कुणालाही या दोन शब्दांमधलं अंतर माहीत असतं. फिर्यादीला नंबर पडतो, तिचा तपास करावा लागतो, न्यायालयाला कळवावं लागतं. अर्ज फायलीत जातो.

मी हे सगळं पाहिलं, सही केली आणि घरी आलो. काही बोललो नाही.

आता नीतिशास्त्राचा प्रश्न असा. मी लाच दिली का? वर्गात हा प्रश्न घातला असता तर मुलांनी तासभर वाद घातला असता. रायटरच्या खिशात एक पैसा गेला नाही. कागद सरकारी प्रिंटरमध्ये गेला, त्यावर सरकारी काम झालं. जे काम माझं व्हायलाच हवं होतं तेच झालं. लाचेची कुठलीही नेहमीची व्याख्या लावा, हे तिच्यात बसत नाही. उलट कुणी म्हणेल, नागरिकानं सहकार्य केलं. तरीही काहीतरी बिघडलं होतं. त्या दोन रीमांमुळे मी त्या ठाण्याचा घेणेकरी झालो. तिथे मी आता ‘आपले सर’ झालो. आणि वहीचं पान घेऊन आलेली बाई कुणाचीच कुणी नव्हती.

तेव्हा माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाद घालायला सोपं जाईल. पोलिसांकडे साधनं नाहीत, निधी नाही, हे आपण सारखं ऐकतो. मी म्हणतो, हे अर्धसत्य आहे. या देशात पोलीस या नावाखाली पैसा भरपूर खर्च होतो. तो पोहोचत नाही तो एका विशिष्ट जागी, म्हणजे ज्या दारातून नागरिक आत येतो त्या ठाण्यापर्यंत. आणि हे नुसतं दुर्लक्ष नाही. गरीब ठाणं अनेकांच्या सोयीचं असतं. ज्याच्याकडे स्वतःचे पैसे नसतात तो कुणाचा तरी मिंधा असतो, हे आपल्या आजीलाही माहीत होतं.

पोलिसांचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न जुना आहे. कौटिल्याचं उत्तर मोठं सुंदर आहे. चोरीचा माल राजाला परत मिळवून देता आला नाही, तर त्यानं तो आपल्या कोशातून भरून द्यावा. म्हणजे रक्षणाचा खर्च राजाचा आणि अपयशाचा खर्चही राजाचाच. आपल्याकडे गावगाड्यात हीच जबाबदारी रामोशी-जागल्यांवर होती. चोराचा माग काढायचा, तो शेजारच्या शिवेपर्यंत नेऊन दिला की जबाबदारी पुढच्या गावाची. त्याबदल्यात गाव त्यांचे हक्क देई. कंपनी सरकार आलं, रामोशांची पुरंदरसारख्या किल्ल्यांवरची राखण आणि वतनं गेली, आणि उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. पुढे त्याच उमाजींना कंपनीनं काही काळ बंदोबस्ताच्या कामावर घेतलं, हेही विसरू नका. राखणदाराचं पोट आणि राज्याची शांतता यांचा संबंध इतका सरळ आहे.

दुसरी रीत पेशवाईतल्या पुण्यात होती. तिथे कोतवालीचं काम दंड आणि फी यांच्या वसुलीशी बांधलेलं होतं. घाशीराम १७७७ पासून १७९१ पर्यंत कोतवाल होता आणि त्याचा शेवट कसा झाला हे सगळ्यांना माहीत आहे. नाटकामुळे आपण त्याच्याकडे एक दुष्ट माणूस म्हणून पाहतो. मला वाटतं, माणसापेक्षा रचनेकडे पाहावं. शांतता राखणाऱ्याला वसुली करायला लावली की त्याला गुन्हेगार सापडत जातात, नसतील तिथेही. आजच्या ई-चलनाच्या जमान्यात हे वाक्य थोडं जपून वाचा एवढंच म्हणतो.

तिसरी रीत इंग्रजांची. १८५७ नंतर त्यांनी १८६१ चा पोलीस कायदा केला, आयर्लंडच्या सशस्त्र पोलिसांचा नमुना समोर ठेवून. मुंबई इलाख्याचा कायदा वेगळा होता, पण सांगाडा तोच. या सांगाड्यात एक तरतूद अशी होती की एखादा भाग अशांत ठरवून तिथे जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च तिथल्याच रहिवाशांकडून वसूल करायचा. १८९७ साली रँडच्या खुनानंतर पुण्यावर असेच जादा पोलीस बसवले गेले, पुणेकरांच्या खर्चानं. म्हणजे पोलीस ही सेवा नव्हती, ती शिक्षा होती आणि तिचं बिलही शिक्षा झालेल्यांनाच.

१९०२ मध्ये फ्रेझर आयोग नेमला गेला. इंग्रजांच्याच आयोगानं सांगितलं की पोलीस अकार्यक्षम आहेत, भ्रष्ट आहेत, जुलमी आहेत, आणि शिपायाचा पगार वाढवा. थोडंफार वाढलं. सांगाडा राहिला.

स्वातंत्र्यानंतर आपण घटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यांकडे दिला. त्यामुळे भारतात कायद्याच्या अर्थानं राष्ट्रीय पोलीस दल असं काही नाही. पण केंद्राकडे सशस्त्र दलं आहेत. केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जन्म १९३९ चा, नीमचला, संस्थानांमधल्या चळवळी आटोक्यात ठेवायला. स्वातंत्र्यानंतर त्याचं नाव बदललं. १९७६ साली, आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीनं केंद्राची दलं राज्यांत पाठवण्याची स्वतंत्र नोंद केंद्रसूचीत आली. आज या सगळ्या केंद्रीय दलांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात गृहमंत्रालयाला सुमारे २ लाख ३३ हजार कोटी रुपये आहेत. त्यात एकट्या केंद्रीय राखीव दलाचे ३५ हजार कोटींहून थोडे अधिक, सीमा सुरक्षा दलाचे २८ हजार कोटींहून अधिक. सीमेवर, नक्षलग्रस्त भागात ही माणसं जीव देतात. त्यांच्या पगाराबद्दल माझी तक्रार नाही, असूही नये. मी फक्त दाखवतोय की पैसा नाही असं नाही.

मग राज्यांच्या पोलिसांसाठी केंद्र काय देतं? १९६९-७० पासून आधुनिकीकरणाची योजना आहे. मधून मधून तिचा मोठा आकडा वर्तमानपत्रात येतो. २०१७ मध्ये आला २५,०६० कोटी, तीन वर्षांसाठी. २०२२ मध्ये आला २६,२७५ कोटी, पाच वर्षांसाठी. मथळा वाचून वाटतं, चला, आता ठाण्यात कागद येणार. या दुसऱ्या आकड्याची फोड बघा. त्यात राज्य पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राचा वाटा ४,८४६ कोटी. पाचव्या हिश्शाहून कमी. आणि जम्मू-काश्मीर, ईशान्येकडची बंडखोरीग्रस्त राज्यं आणि नक्षलग्रस्त भाग यांच्या सुरक्षाविषयक खर्चासाठी १८,८३९ कोटी. तो खर्च आवश्यक असेल. पण त्याला ‘पोलिसांचं आधुनिकीकरण’ म्हणायचं आणि नाशिक-नांदेडच्या माणसानं त्यात आपलं ठाणं शोधायचं, ही भाषेची फसवणूक आहे. आम्ही तत्त्वज्ञानवाले निदान शब्दांच्या फसवणुकीवर तरी बोलू शकतो.

राज्यांचं काय? राज्यं पोलिसांवर जो खर्च करतात त्यातला बहुतांश पगारात जातो आणि तरीही देशभरात मंजूर पदांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक रिकामी आहेत. प्रशिक्षणावर पोलीस बजेटच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. गावात पोलीस पाटील, ज्याच्या खांद्यावर १९६७ च्या कायद्यानं गावाची पहिली बातमी ठेवली, त्याचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं.

इथे एका घटनेवर जरा थांबतो, कारण ती विसरली गेली आहे. १८ ऑगस्ट १९८२. गिरणी संप सुरू होता. त्या दिवशी मुंबईच्या पोलीस शिपायांनीच बंड केलं. मागण्या काय होत्या? पगार, राहायला जागा, साहेबांच्या घरची कामं करायला लावू नका, आमची संघटना राहू द्या. मुंबईत दंगल झाली. सरकारनं संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना अटक केली, अनेकांना नोकरीतून काढलं, आणि शहर सांभाळायला केंद्रीय दलं आणि लष्कर आणलं. शिपाई म्हणत होता, माझी दहा बाय दहाची खोली गळते. त्याला उत्तर म्हणून दिल्लीहून बंदूकधारी आले. बंड झालं ते योग्य असं मी म्हणत नाही, गणवेशातल्या माणसानं रस्त्यावर दंगा करणं भयंकरच. पण या देशानं पोलिसांच्या गरिबीवर कोणतं उत्तर निवडलं ते त्या एका दिवसात दिसतं. ठाणं सुधारण्यापेक्षा ठाण्यावर पाठवायचं दल वाढवणं सोपं वाटलं. आणि तीन वर्षांपूर्वीच, १९७९ मध्ये, धर्मवीर आयोगानं आपला पहिला अहवाल मुख्यतः शिपायांच्या स्थितीवर दिलेला होता.

असंच पुन्हा २००८ मध्ये झालं. २६ नोव्हेंबरच्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली आणि काठ्या होत्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे काठी घेऊन उभे होते, कसाबची बंदूक त्यांनी उघड्या हातांनी धरून ठेवली. मानेसरहून राष्ट्रीय सुरक्षा दल दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचलं. पुढे काय झालं? राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा महिनाभरात झाला. मुंबईत सुरक्षा दलाचं केंद्र झालं, राज्यानं फोर्स वन उभं केलं, सागरी पोलिसांना वेगवान बोटी मिळाल्या, साडेनऊशे कोटींच्या आसपासचा कॅमेऱ्यांचा प्रकल्प २०१६ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. हे सगळं हवंच होतं, मी नाकारत नाही. पण यादीतली प्रत्येक गोष्ट अशी आहे की जिची फीत कापता येते, जिच्याजवळ उभं राहून फोटो काढता येतो. बोटींना इंधन, बोटी चालवणारे, त्यांची दुरुस्ती यांची फीत कापता येत नाही. म्हणून बोटी धक्क्याला बांधून पडल्याच्या बातम्या पुढची अनेक वर्षं येत राहिल्या. आपल्याला वस्तू विकत घ्यायला आवडतं, चालू खर्च करायला आवडत नाही. आणि पोलीस ठाणं म्हणजे तर सगळा चालू खर्चच: कागद, पेट्रोल, टॉवेल, आरोपीचं जेवण, बेवारस मृतदेह नेणाऱ्या टेम्पोचं भाडं, पंच म्हणून दिवस मोडलेल्या माणसाचा चहा.

हा खर्च थांबत नाही, हे लक्षात घ्या. मृतदेह तर हलवावाच लागतो. सरकारनं दिला नाही तर कुणीतरी देतंच. कधी हवालदार खिशातून देतो आणि मग तो खिसा दुसरीकडून भरतो. कधी फिर्यादी गाडी करून देतो. कधी गावातला ठेकेदार ठाण्याला एसी बसवतो, कूलर देतो, नवरात्रात मांडव घालतो. त्याच्याविरुद्ध एखाद्या मजुरानं तक्रार आणली तर ठाणे अंमलदार त्याच कूलरच्या हवेत बसून ती ऐकणार. त्याला भ्रष्ट म्हणायची गरज नाही. माणूस आहे, मिंधा आहे.

मॅक्स वेबरनं १९१९ मध्ये म्युनिकच्या विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की कायदेशीर बळाच्या वापराची मक्तेदारी हे राज्यसंस्थेचं लक्षण. आपण हे वाक्य परीक्षेत लिहितो. पण मक्तेदारी राज्याची आणि पेट्रोल ठेकेदाराचं, असं झालं तर मक्ता कुणाचा? क्रिकेटच्या बंदोबस्ताचं घ्या. आयोजकांनी पोलिसांना पैसे द्यायचे असा नियम आहे. चांगला आहे, धंदा आहे, द्यावेत. त्यांनी ते वर्षानुवर्षं थकवले. २०२३ मध्ये राज्य सरकारनं दर कमी केले आणि ती सवलत २०११ पासूनच्या थकबाकीलाही लावली. प्रकरण जनहित याचिकेनं उच्च न्यायालयात गेलं. मला त्यातल्या कायद्यात शिरायचं नाही. पण श्रीमंत आयोजकाची थकबाकी माफ करणारी तिजोरी माझ्याकडून कागद मागते, एवढं मला दिसतं.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला: पोलिसांना पैसा दिला की ते सुधारतील हे कशावरून? कोठडीत माणसं मरतात ती काय कागद नव्हता म्हणून? नाही. तिथे पैशाचा प्रश्न नाही, उत्तरदायित्वाचा आहे. डी. के. बसू खटल्यातले नियम १९९६ चे आहेत, ते पाळायला फार पैसा लागत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितलं. रस्त्यावर नागरिकाकडे बघणारे कॅमेरे झपाट्यानं लागतात, ठाण्याच्या आत पोलिसाकडे बघणारे मात्र रेंगाळतात किंवा नेमके बंद असतात. इथे निधीचं कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण उलट बाजूही बघा. २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं सात निर्देश दिले: सुरक्षा आयोग, किमान कार्यकाळ, तपास वेगळा करा, तक्रार प्राधिकरण वगैरे. निकाल ऐतिहासिक आहे, राज्यांनी त्याची केलेली टाळाटाळ लाजिरवाणी आहे. तरी सातपैकी एकही निर्देश ठाण्याच्या चालू खर्चाबद्दल नाही. राजकारण्याच्या दबावातून अधिकाऱ्याला सोडवायचं म्हणता, आणि त्याच्या गाडीत पेट्रोल कोण घालतं हे विचारत नाही. मला हा निकाल तिथे अपुरा वाटतो.

दुसरा आक्षेप एका निवृत्त अधिकारी मित्राचा. ‘ठाण्याच्या हातात पैसा दिलास तर तोही खातील.’ खातील काही जण. पण आज जो पैसा फिरतो त्याचा हिशेबच नाही, तो खाल्लेला कळणार कसा? उद्या ठाण्याच्या दारात, ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ लिहिलेल्या पाटीखाली दुसरी पाटी लावा: या महिन्यात कागदाला इतके, इंधनाला इतके, कैद्यांच्या जेवणाला इतके. मग मला दोन रीम मागायला रायटरला जड जाईल, आणि मला द्यायलाही.

साधनं म्हणजे वस्तूच असं नाही, हे मला मुंबईच्या एका शिपायानं शिकवलं. मी त्यांना भेटलेलो नाही, वाचलंय. देवनार ठाण्यातल्या या शिपायानं स्वतः बसून आठ तासांच्या पाळ्यांचं वेळापत्रक तयार केलं आणि थेट पोलीस आयुक्तांसमोर मांडलं. तेव्हा दत्ता पडसलगीकर आयुक्त होते. त्यांनी ते ऐकलं आणि २०१६ मध्ये देवनारमध्येच करून पाहिलं, मग शहरातल्या इतर ठाण्यांत नेलं. बारा-चौदा तास उभा राहिलेला माणूस फिर्याद ऐकत नाही, तो फिर्यादीला घालवतो. त्याला झोप देणं हासुद्धा सरकारी निधीच आहे, फक्त त्याची निविदा काढता येत नाही म्हणून कुणाला त्यात रस नसतो.

आता माझ्या गोष्टीचं पुढचं सांगतो, कारण चहाच्या वेळी तुम्ही विचाराल.

चार दिवस मला झोप नीट लागली नाही. पाचव्या दिवशी त्या बाईंचा पत्ता काढला. आमच्याच पलीकडच्या वस्तीत राहत होत्या. म्हटलं, चला, मी येतो. त्या म्हणाल्या, ‘राहू द्या सर, तुमचं काम झालंय ना?’ त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. शेवटी आल्या. माझ्याबरोबर गेल्यामुळे त्यांची फिर्याद वीस मिनिटांत झाली. म्हणजे त्यांना न्याय मिळाला तो माझ्या ओळखीनं, दोन रीमांच्या ओळखीनं. जे चुकीचं होतं त्याच्याच आधारानं मी ते दुरुस्त केलं. यातून सुटका कशी हे माझ्या नीतिशास्त्राला अजून सुचलेलं नाही. पैसे त्यांचे मिळाले नाहीत, हिचे दागिनेही नाहीत.

नंतर मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला. विचारलं एवढंच की या ठाण्याला गेल्या आर्थिक वर्षात लेखनसामग्रीसाठी किती रक्कम मिळाली आणि किती खर्च झाली. तिसाव्या दिवशी एक ओळीचं उत्तर आलं, की अशी माहिती ठाणेनिहाय ठेवली जात नाही. उत्तर छान पांढऱ्या ए-फोर कागदावर छापलेलं होतं. कुणी आणून दिलेला असेल तो, देव जाणे. मी अपील केलं आहे, सुनावणी पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे. कुणाला यायचं असेल तर या, बाहेर बसायला बाक आहे.